मिनिटांची वही : घरी बसून टायपिंग केलं तर किती सुटतात

२ डिसेंबर २०२४

सोलापूरच्या नवी पेठेतलं आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर लावायचं दुकान शनिवारी बंद झालं. मालक मुलाकडे पुण्याला गेले. अकरा वर्षं तिथं लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल केले. शेवटी पगार नऊ हजार होता. दुसऱ्या एका दुकानात विचारलं तर सात म्हणाले, आणि रविवारी अर्धा दिवस यायचं. ह्यांना म्हटलं, फेब्रुवारीपर्यंत घरूनच कामं घेऊन बघते. महिन्याला नऊ पडले तर ठीक, नाही तर सातवाल्याकडे जाईन.

जुना लॅपटॉप आहे, बाहेरचा कीबोर्ड जोडला. संध्याकाळी घड्याळ लावून स्पीड मोजला: मिनिटाला मराठी ४४ शब्द, इंग्रजी ५१. परीक्षा परिषदेची दोन्ही ४० ची सर्टिफिकेटं कपाटात आहेतच. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० लागतं, म्हणजे सरकारच्या हिशोबाने मी पास. वयाच्या हिशोबाने नाही, तो विषय सोडा.

कागदावर गणित मांडलं. पाच बटणांचा एक शब्द धरतात. ४४ म्हणजे मिनिटाला २२० बटणं. पण आपला खरा मराठी शब्द जागेसकट सरासरी सात बटणं खातो. तीनशे शब्दांच्या पानाला २,१०० बटणं, साडेनऊ मिनिटं. तासाला सहा पानं. पानाला २२ रुपये मिळाले तरी तासाला १३२. रोज चार तास बसलं तरी महिन्याचे तेरा-चौदा हजार होतात की! ह्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "एमआयडीसीत पण कागदावर टॉवेल असेच निघतात."

म्हणून ही वही. प्रत्येक कामाची मिनिटं लिहायची. बोटं चालली ती वेगळी, बाकीची वेगळी.

५ डिसेंबर

शेजारच्या पोराने मोबाईलवरची जाहिरात दाखवली. घरबसल्या डेटा एंट्री, फॉर्म भरा, आठवड्याला सात हजार. त्याने २,५०० रुपये नोंदणी भरूनही झालेत. काम काय, तर मुद्दाम धूसर केलेल्या चित्रांतले पत्ते उतरवायचे, आणि नव्वद टक्के बरोबर आले नाहीत तर पैसे नाहीत. बरोबर आले का हे तेच ठरवणार. आता वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सॲपवर आलीय, करार मोडला म्हणून सहा हजार भरा. पोरगं घाबरून जेवत नव्हतं. त्याला म्हटलं, एक रुपया भरू नको, सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लाव आणि सगळे स्क्रीनशॉट ठेव. काम देणारा आपल्याकडूनच पैसे मागत असेल, तर त्याचा धंदा टायपिंगचा नसतो.

वहीत शोधाशोधीचा एक तास लिहिला. ह्याला कोणता रकाना लावायचा ते कळेना. 'पायपीट' असा नवा केला.

९ डिसेंबर

कोर्टाच्या बाहेर टेबलं टाकून बसतात त्यांच्याकडे जाऊन आले. वाटलं होतं, एखाद्याला जोडीला कुणी हवं असेल. एक काका बसले होते, साठीच्या पुढचे, लॅपटॉपखाली घडी घातलेली सोलापुरी चादर. त्यांचा स्पीड माझ्या निम्मा, दोन्ही हातांची मिळून चार बोटं. पण समोर सहा माणसं उभी. कुणाला वारसाचं प्रतिज्ञापत्र, कुणाला नावातल्या फरकाचं. काका दोन प्रश्न विचारायचे, तिसऱ्याला कागद प्रिंटरमधून बाहेर. मजकूर आधीच तयार, फक्त नाव, वय, पत्ता बदलायचा.

मी माझा स्पीड सांगितला. ते हसले. "ताई, टायपिंग कुणाला पाहिजे? ह्या माणसाला कागदात काय लिहायचं तेच माहीत नाही. ते मला माहीत आहे, म्हणून तो उभा."

जोडीला कुणी नको होतं. येताना सात रस्त्यापर्यंत चालत आले. पायपीट, दोन तास दहा मिनिटं.

१३ डिसेंबर

पहिलं काम. मंगळवेढ्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक, वय ८४, आता जुळे सोलापुरात राहतात. आत्मचरित्र लिहिलंय. पाच दोनशेपानी वह्या, त्यातली २१४ पानं टाईप करायची. पानाला २२ ठरले. सरांचं अक्षर लांबून मोत्यासारखं, जवळून बघितलं की ध आणि घ एकच. 'घर' का 'धर' ते मागच्या-पुढच्या वाक्यावरून.

दोन अटी त्यांनी आधीच सांगितल्या. पहिली: ल आणि श मराठीच हवेत, हिंदीचे चालणार नाहीत. मंगल फाँटमध्ये दोन्ही हिंदी वळणाचे येतात आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. सरांच्या आलं. यशोमुद्रा लावून दाखवला तेव्हा चष्मा काढून स्क्रीनला नाक लावून बघितलं आणि मान हलवली.

दुसरी अट जड आहे. ते १९६२ च्या आधीचं शुद्धलेखन शिकलेले. 'नाहीं', 'कांहीं', 'केलें', 'घरांत'. सगळे अनुस्वार जसेच्या तसे पाहिजेत. म्हटलं, सर, आताचे वाचणारे त्याला चूक म्हणतील. म्हणाले, "म्हणूं देत. मी असाच बोलतों."

१६ डिसेंबर

अनुस्वाराने माझा स्पीड मोडला. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत अनुस्वार इंग्रजी एक्सच्या बटणावर, डाव्या हाताला. दाबायला जड काहीच नाही. पण 'नाही' हा शब्द माझी बोटं मला न विचारता टाईप करतात. पाच हजार वेळा केलेला असणार. त्यापुढे थांबून एक्स दाबायचा म्हणजे चालत्या माणसाला प्रत्येक दहा पावलांवर वाकून चप्पल नीट करायला सांगायचं. दुपारी मोजलं तर मिनिटाला २९ शब्द. परीक्षेत नापास झाले असते.

असं एकदा आधीही झालं होतं. मी २००७ साली टाईपरायटर मशीनवर शिकले. मशीनवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, मग अक्षर. दुकानात इन्स्क्रिप्ट आलं तेव्हा आधी अक्षर, मग वेलांटी. महिनाभर माझी सगळी वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसत होती.

मध्ये वाटलं, आधी साधं टाईप करू आणि मग 'नाही' शोधून सगळीकडे 'नाहीं' करू. पण 'केले' कुठे नपुंसकलिंगी एकवचन (तिथं 'केलें') आणि कुठे पुल्लिंगी अनेकवचन (तिथं अनुस्वार नाही), हे मशीनला सांगता येत नाही. 'नाही', 'काही' यांच्यासारखे ठरलेले तेवढे बदलले. बाकीचे हाताने.

२० डिसेंबर

पहिली ४० पानं झाली. वहीतली आकडेमोड:

बोटं चालली: ४ तास १० मिनिटं. अक्षर लावणं: ३ तास ३०. सरांना फोन: ५० मिनिटं. प्रूफ, दोन वाचनं: ३ तास ३०. समास, मथळे, पानांचे आकडे: १ तास. एकूण तेरा तास. म्हणजे ज्याच्यावर मी कागदी गणित मांडलं ते काम तेरातले चार तास.

आणि वरून घोळ. सरांच्या ४० पानांची टाईप होऊन २५ पानं झाली. मी ४० धरले होते, त्यांनी २५. दोघांचंही बरोबर, कारण 'पान' म्हणजे कोणतं पान हे बोललोच नव्हतो. अकरा वर्षं दुकानात बसून ही चूक! तिथं भाव मालक ठरवायचे ना. चहा झाला, सर म्हणाले छापील पानाला ३० देतो. २५ गुणिले ३०, ७५० रुपये, तेरा तास. तासाला ५८ सुद्धा नाहीत.

आता ठरवलं: तीनशे शब्द म्हणजे एक पान, आणि शब्द वर्डच मोजणार.

समोरच्या अक्का सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. त्यांना हे सांगितलं. त्यांना पानाचं काही वाटलं नाही, त्यांनी विचारलं, "छाट किती काढली?" म्हणजे चुकीची म्हणून किती पानं परत केली. विड्यांमध्ये मोजून घेणारा छाट काढतो आणि त्या विडीचे पैसे मिळत नाहीत, पान-तंबाखू मात्र गेलेलं असतं. म्हटलं, अक्का, माझी छाट मीच काढते, साडेतीन तास.

२४ डिसेंबर

सरांची सहा प्रकरणं २००६ साली कुठेतरी टाईप झालेली होती, साठ पानं, श्रीलिपीच्या जुन्या फाँटात. पेनड्राइव्ह उघडला तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. जुन्या फाँटांमध्ये क हा क नसतोच, इंग्रजी अक्षराच्या जागेवर क चं चित्र बसवलेलं असतं. फाँट नाही, तर मजकूर नाही. सर म्हणाले, पुन्हा टाईप करा. मी म्हटलं, थांबा.

कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल असं करून घेतलं. नव्वद टक्के बरोबर आलं, उरलेल्यात मजा. काही जोडाक्षरं फुटली, रफार एक अक्षर मागे सरकला, आणि 'दुसऱ्या', 'साऱ्या'मधला र दोन तऱ्हांनी आला: कुठे ऱ ने, कुठे साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखे. शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा हात वर करत नाही. 'ॲ'चंही तेच, एक अखंड आणि एक अ वर चंद्र ठेवलेला. बारा-तेरा जोड्यांची यादी केली, एकेक शोधून बदलली, मग वाचलं.

पाच तासांत साठ पानं. १२ रुपये पान ठरलं होतं, ७२० झाले. तासाला १४४. दिवसभरात टाईप केलं असेल तर शंभर ओळी. सगळ्यात कमी बोटं चालली त्या दिवशी सगळ्यात जास्त सुटले.

२ जानेवारी २०२५

ह्यांच्या आग्रहाने बोलून टाईप करून बघितलं. गूगल डॉक्सला सरांची वही वाचून दाखवली. वेग माझ्यापेक्षा जास्त, खोटं कशाला बोलू. साधं वाक्य असेल तर बिनचूक. पण सरांचे अनुस्वार त्याला ऐकूच येत नाहीत (मला तरी कुठे येतात), स्वल्पविराम नाहीत, आणि ७२ च्या दुष्काळाच्या प्रकरणात सर खडी फोडायच्या कामावर सुकडी वाटत होते, तिथं 'लाकडी' वाटायला लागले. दोन पानांवर वेळ धरला: बोलणं नऊ मिनिटं, दुरुस्ती सव्वीस. हातानेही तेवढाच लागतो. गळा बसला तो वेगळा.

साध्या, आजच्या मराठीतला मजकूर आला तर मात्र हेच वापरणार.

९ जानेवारी

चांगलं काम आलं. विद्यापीठात पीएचडी करणारी बार्शीची मुलगी. यंत्रमागावर आणि मागाच्या जोडकामावर असलेल्या बायकांच्या मुलाखती, ११ रेकॉर्डिंग, मिळून ५६० मिनिटं. ऑडिओच्या मिनिटाला १५ रुपये, ८,४०० होतात. यावेळी सगळं आधी बोलले. अर्धे पैसे आधी. बायकांची नावं न लिहिता क्रमांक. काम झालं की ऑडिओ माझ्याकडून पुसायचा आणि कुणालाही ऐकवायचा नाही. बायका जशा बोलल्या तसंच लिहायचं, 'करतो' चं 'करते' करायचं नाही, 'म्हून' चं 'म्हणून' नाही.

प्रमाण मराठी अकरा वर्षं टाईप केलेली बोटं. पुन्हा चप्पल नीट करायची वेळ.

११ जानेवारी

पहिली फाईल, ४२ मिनिटं. लागले ५ तास १० मिनिटं.

कारखान्यातच बसून बोलल्या आहेत. मागे खटाक-खटाक चालू, मध्ये कुणीतरी जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला हाक मारतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.७५ केला. पाच सेकंद ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, दोन सेकंद मागे. यात स्पीडचा उपयोग एवढाच, की ऐकलेलं डोक्यातून निसटायच्या आत उतरतं. तोही कमी नाही म्हणा. हळू टाईप करणारीला तेच वाक्य तीनदा ऐकावं लागलं असतं.

बाई तेलुगूभाषक, मराठी सरळ बोलते पण मध्येच घरचा शब्द येतो. एक वाक्य असं लिहिलं: 'मग अंगावर बसलं की पाठ धरती.' काय अंगावर बसतं? ताप? दुसरं वाक्य त्याहून वाईट. 'सारखं मूल तुटायचं, मालक वरडायचा.' मूल तुटणं म्हणजे पोट पडणं का? शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं. रात्री भाकरी थापताना तेच डोक्यात. ती इतकी सहज बोलत होती.

१४ जानेवारी

संक्रांत. सिद्धेश्वराच्या यात्रेला पोरांना घेऊन गेलो, नंदीध्वज बघितले. काम नाही. आजच पाणी पण आलं, त्यामुळे सकाळ सगळी भरण्यात गेली.

१७ जानेवारी

अक्कांनी तिळगूळ घेऊन बोलावलं होतं. ऑडिओ तर ऐकवता येत नाही. मी फक्त विचारलं, अक्का, तेलुगूत 'मग अंगा' असं काही आहे का? त्यांनी दोनदा म्हणायला लावलं आणि मग इतक्या हसल्या की सूप खाली ठेवावं लागलं. "मग्गम!" मग्गम म्हणजे माग. मागावर बसलं की पाठ धरते.

मग दुसरं विचारलं. 'मूल तुटतं'? अक्का म्हणाल्या, "नूल. नूलु. सूत गं." सारखं सूत तुटायचं, मालक ओरडायचा.

घरी येऊन गपचूप बसले थोडा वेळ. प्रश्नचिन्ह टाकलं नसतं तर ते वाक्य तसंच त्या मुलीच्या प्रबंधात गेलं असतं. एका अक्षराने एका बाईचं मूल गेलं असतं.

विडी घरकुलात, विडी कामगारांच्या या वसाहतीत, इतकी वर्षं राहून मला नीळ्ळु, अन्नं, इकडे ये, तिकडे जा, एवढंच तेलुगू येतं. मागाचे शब्द माझ्या घरात कधी लागलेच नाहीत.

१८ जानेवारी

झालेल्या दोन फायलींत 'मग अंगा' शोधलं: सात ठिकाणी. सातही जागा पुन्हा ऐकल्या, सहा मग्गम, एक खरंच 'मग अंगात ताप होता'. सगळीकडे एकदम बदललं असतं तर मागात ताप भरला असता.

शब्दांची यादी केली: बीम, कांडी, जॉबर, मग्गम, नूल. ती मुलीला पाठवली. तिने तीत आणखी नऊ शब्द घातले. तिने विचारलं, "ताई, मग्गमच ठेवायचं का माग करायचं?" मी म्हटलं, मग्गमच ठेवा, खाली टीप द्या. माझं काम नव्हतं सांगायचं, पण सांगितलं.

२७ जानेवारी

पाचवी फाईल. तीही ४२ मिनिटांची. ३ तास २० मिनिटं. यादीने एक तास पन्नास मिनिटं वाचवली, बोटांचा वेग तोच.

उजवं मनगट दुखतंय. ह्यांनी टेबलाच्या पायाचे दोन इंच कापले. आधीच कापायला हवे होते.

६ फेब्रुवारी

अकराही फायली दिल्या, ऑडिओ पुसला. दुरुस्त्यांसकट ४९ तास. अर्धे पैसे राहिलेत, तिची फेलोशिप आली की देणार. मुलगी खोटी नाही, पण फेलोशिप कधी येईल हे तिलाही माहीत नाही.

मध्ये किरकोळ कामं चालूच: लग्नाचे बायोडेटा, सोसायटीचं इतिवृत्त, एका शाळेच्या प्रश्नपत्रिका. गणिताच्या पेपरात अपूर्णांक होते, पुढच्या वेळी त्याचा भाव वेगळा.

१३ फेब्रुवारी

सरांचं पूर्ण झालं. १३१ छापील पानं. प्रूफ त्यांनी स्वतः वाचलं, भिंग घेऊन, लाल पेनाने. माझ्या सोळा चुका, त्यांच्या स्वतःच्या त्रेचाळीस, शिवाय एक प्रकरण अख्खं खोडलं. का, विचारलं नाही. त्या प्रकरणाची पानं १३१ मध्ये धरा असं मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं.

२० फेब्रुवारी

हिशोब. सरांचं टायपिंग ३,९३०, ५६ तास. फाँट बदलणं ७२०, ५ तास. मुलाखती ८,४००, ४९ तास. किरकोळ २,३५०, २१ तास. एकूण १५,४००, १३१ तास, तासाला ११७. पायपीट ३८ तास, ती धरली तर तासाला ९१. हातात आलेले ११,२००. नेट, कागद, शाई यांत १,६४० गेले.

अकरा आठवड्यांत महिन्याच्या नऊ हजारांचा मेळ बसला नाही. सातवाल्याकडे मात्र जात नाही. हस्तलिखिताला आता तीनशे शब्दांना ४० च्या खाली हात लावायचा नाही. जुन्या फाँटच्या कामासाठी दोन छापखान्यांत आणि एका वाचनालयात सांगून ठेवलंय. मुलीच्या मैत्रिणीचं विचारणं आलंय, शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या मुलाखती, सहा तास. तिला पहिलाच प्रश्न केला: कोणत्या भाषेतले शब्द येतात?

संध्याकाळी अक्का आल्या. पीएफच्या कागदावर नाव एक, आधारवर दुसरं, अर्ज करायचा होता. पिशवीभर कागद. कोणत्या कागदावर माहेरचं घराणं लागलंय, कुठे सासरचं, कुठे नुसतं नाव, हे लावण्यात पन्नास मिनिटं गेली. टाईप करायला आठ.

"पानाला किती घेतीस?" अक्कांनी विचारलं.

"चाळीस."

"आधी वाचून दाखव. छाट निघाली तर?"

वाचून दाखवलं. दुसऱ्याच ओळीत त्यांच्या नवऱ्याचं नाव चुकलं होतं.